पीसी की कन्सोल: रायपूरच्या घरातून पाहताना

प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात एक सुरक्षा-पुस्तिका येते. ती कुणी वाचत नाही. यंत्र कोणत्या तापमानात चालवावे, हे तीत छापलेले आहे: ५ ते ३५ अंश सेल्सिअस. रायपुरात एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत दुपारचा पारा चाळिशीच्या खाली क्वचितच उतरतो, मे महिन्यात तो ४४-४५ वर जातो, आणि उघड्या गच्चीखालची वरच्या मजल्यावरची खोली रात्री जेवणे आटोपल्यावरही तापलेलीच असते. शाळा-कॉलेजांना सुट्टी लागून पोरांना खेळायला मोकळा वेळ मिळतो तो याच दिवसांत. एसी नसलेल्या घरात तेव्हा हे यंत्र त्याच्या निर्मात्याने आखलेल्या मर्यादेबाहेर चालत असते.

पीसीवर खेळावे की कन्सोलवर, हा वाद आपल्याकडे बाहेरून आयता आला. परदेशात तो चित्राच्या तपशिलावर, सेकंदाला किती फ्रेम दिसतात यावर आणि कोणता खेळ कुणाकडे आधी येतो यावर घातला जातो. हे मुद्दे खोटे नाहीत, त्यांच्याकडे पुढे येऊच. पण रायपूरच्या घरात यंत्र आले की त्याची गाठ आधी उकाड्याशी, उरला-सिलतराच्या कारखानी भागातून येणाऱ्या काळ्या धुळीशी आणि विजेच्या लहरीपणाशी पडते, आणि बिघडल्यावर ते न्यायचे कुणाकडे हा प्रश्न असतोच. पाच वर्षांनंतर ते चालू असेल का, आणि नसेल तर त्याचे काय करता येईल, हा मला सगळ्यात मोठा निकष वाटतो. पुढचा सगळा हिशोब त्या निकषावर मांडला आहे.

दहावी-बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न दरवर्षी नव्याने निघतो. तात्यापारा, चौबे कॉलनी, अशा आमच्या मराठी वस्त्यांतल्या घरांतून विचारणा सुरू होते. मुलगा बाजूला घेऊन सांगतो, "काका, बाबांना तुम्हीच समजावा." वडील म्हणतात, "पीसी घेऊन देतो, निदान अभ्यासाला तरी होईल. त्या प्लेस्टेशनचा उपयोग काय?" बहुतेक घरांत निर्णय इथेच होतो. पीसी अभ्यासाच्या नावाखाली घरात शिरतो, कन्सोलला ते नाव घेता येत नाही. मला ही पळवाट मनापासून खटकते. खेळासाठी यंत्र घ्यायचे असेल तर तसे उघड म्हणावे आणि त्याचे तास ठरवून द्यावेत. अभ्यासाच्या नावावर आणलेल्या पीसीवर खेळणारे पोर पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे कुणी खोलीत आले की खिडकी बदलायची.

गंमत अशी की भारतातल्या मध्यमवर्गीय घरात खेळाचे जे पहिले यंत्र आले, ते कन्सोलच होते. निन्टेन्डोचे फॅमिकॉम जपानात १९८३ मध्ये निघाले. त्याच्या नकला पुढे आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून विकल्या गेल्या. बिननावाच्या तर कितीतरी आल्या. पिवळी नाहीतर काळी कॅसेट खोबणीत बसवायची, चालली नाही तर फुंकर मारायची, मारिओ आणि कॉन्ट्रा खेळायचे. टीव्ही एकच असल्यामुळे खेळ बैठकीच्या खोलीतच चाले आणि आजी शेजारी बसून भाजी निवडे.

मग शाळांमध्ये आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या सायबर कॅफेंमध्ये संगणक आले आणि सगळे पारडे फिरले. डेंजरस डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया शाळेच्या लॅबमध्ये, रोड रॅश आणि आयजीआय मित्राच्या घरी, काउंटर-स्ट्राइक कॅफेमध्ये तासाच्या दराने. व्हाइस सिटी पीसीवर २००३ मध्ये आला आणि नकली सीडीवरून घरोघरी पोहोचला. त्या पिढीने खेळांसाठी पैसे मोजलेच नाहीत, हे सांगायला संकोच वाटू नये. अधिकृत कन्सोल आले तेव्हा त्यांच्या किमती नोकरदाराच्या आवाक्याबाहेर होत्या. एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये आला, प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना, आणि प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्ये पुन्हा त्याच ३९,९९० रुपयांना. २००७ साली चाळीस हजार रुपयांत घरचा फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही येत. भारतात पीसी रुजला आणि कन्सोल मागे पडले ते या फरकामुळे, पीसी श्रेष्ठ होता म्हणून नव्हे.

आज तो फरक उलटा झाला आहे, आणि अनेक पालकांच्या हे ध्यानात आलेले नाही. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला, पुढच्या वर्षी डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ५४,९९० झाली. त्यात मिळणारे चित्र ज्याला हवे आहे, त्याला असेंबल्ड पीसीसाठी मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस धरून याहून बरेच जास्त मोजावे लागतात. कारण उघड आहे. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यंत्रावर फारसा नफा घेत नाहीत, तो खेळांच्या विक्रीतून आणि वर्गणीतून काढतात. पीसीचा प्रत्येक सुटा भाग बनवणाऱ्याला त्याच भागावर कमवायचे असते. शिवाय सुट्या भागांचा बाजार जगातल्या कुठल्याही हालचालीने हलतो. २०२०-२१ मध्ये क्रिप्टो चलनाच्या मायनिंगसाठी ग्राफिक कार्डे ढिगाने उचलली गेली आणि कार्ड छापील किमतीला मिळणे अशक्य झाले. इथेरियम या क्रिप्टो चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी आपली पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली, मग भाव उतरले. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव भडकले. रायपूरचा दुकानदार कालचे कोटेशन आज पाळत नाही, त्यामागे हे सगळे आहे.

पण यंत्राची किंमत हा पहिल्या दिवसाचा खर्च. सोनीचे स्वतःचे नवे मोठे खेळ प्लेस्टेशन ५ वर आले तेव्हा त्यांची किंमत ४,९९९ रुपये होती. वर्षाला असे तीन खेळ घेतले तर पाच वर्षांत ७५ हजार होतात, म्हणजे यंत्रापेक्षा जास्त. त्यात इतरांशी ऑनलाइन खेळायचे असेल तर बहुतेक खेळांसाठी वार्षिक वर्गणी वेगळी. पीसीवर ऑनलाइन खेळायला वर्गणी लागत नाही. स्टीमने २०१५ च्या अखेरीस रुपयांत किमती लावायला सुरुवात केली. सेलमध्ये जुने खेळ निम्म्याहून खाली येतात. एपिक स्टोअर २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाले, ते खेळ फुकट वाटत असते. मे २०२० मध्ये तिथे जीटीए ५ फुकट मिळाला होता. डोटा २, काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट यांना मुळात पैसेच लागत नाहीत, आणि नियमाने खेळणाऱ्या पोरांचे बरेच तास यांतच जातात.

कन्सोलची बाजू सावरते ती डिस्क. खेळ संपवला की डिस्क विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. पाच-सहा मित्रांनी ठरवून वेगवेगळ्या डिस्क घेतल्या आणि फिरवल्या, तर वर म्हटलेले ७५ हजार पंधरा-वीस हजारांवर येतात. म्हणून मी कन्सोल घेणाऱ्याला एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: डिस्क ड्राइव्ह नसलेले स्वस्त मॉडेल घेऊ नका. तिथे वाचलेले दहा हजार दोन वर्षांत परत जातात, आणि खेळ कंपनीच्या खात्यात अडकून पडतात. पीसीवर डिस्कचा जमाना संपलाच आहे. स्टीमवर घेतलेला खेळ विकता येत नाही, देताही येत नाही.

आता पुन्हा उन्हाळ्याकडे. चिपचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते. पंखा, हीटसिंक, तांब्याच्या नळ्या, सगळे मिळून चिपची उष्णता खोलीच्या हवेत सोडतात. हवाच दहा अंशांनी गरम असेल तर चिपही साधारण तेवढीच गरम राहते. मग पंखा जोराने फिरतो, ते पुरेनासे झाले की यंत्र स्वतःचा वेग कमी करते, आणि त्यानेही भागले नाही तर प्लेस्टेशन पडद्यावर तसा इशारा देऊन बंद होते. कन्सोल वापरणाऱ्याच्या हाती यावर फारसे उपाय नाहीत. चारी बाजूंनी मोकळी जागा ठेवायची, टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवायचे नाही, दुपार टाळायची.

पीसीवाल्याकडे इथे खरा अधिकार असतो. फ्रेमचा वेग साठवर बांधून ठेवता येतो, आणि एवढ्यानेच ग्राफिक कार्डाची वीज आणि उष्णता पुष्कळ उतरते. कार्डाचा व्होल्टेज थोडा कमी करता येतो, कॅबिनेटला आणखी पंखे लावता येतात, उन्हाळ्यापुरते बाजूचे झाकण उघडे ठेवता येते. पण पीसी खोली जास्त तापवतो, हेही तितकेच खरे. यंत्रात जाणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. प्लेस्टेशन ५ मोठ्या खेळात दोनशे वॅटच्या आसपास घेते. मधल्या दर्जाचा पीसी मॉनिटरसकट साडेतीनशे-चारशे वॅटवर जातो, आणि वरच्या दर्जाच्या आरटीएक्स ४०९० या एका कार्डाचीच मर्यादा ४५० वॅट आहे. दहा बाय दहाच्या खोलीत मे महिन्यात चारशे वॅट सोडणे म्हणजे काय, ते कुलरसमोर बनियनवर बसून खेळलेल्या माणसाला विचारावे. बरे, यंत्र कुलरच्या झोतात ठेवायची चूकही करू नये. कुलरची हवा दमट असते, ती थेट आत खेचली गेली की बोर्डावर क्षार बसतात आणि स्क्रू गंजतात. कुलर खोलीसाठी ठेवावा, यंत्र त्याच्या वाटेबाहेर.

धुळीचे प्रकरण तर रायपूरचे खास आहे. उरला आणि सिलतरा इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी भुकटी गच्चीवर पायाला लागते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, हे इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ओळखीतल्या एका घरचा पीसी सतत बंद पडायचा. दिवाळीच्या साफसफाईत तो गच्चीवर नेऊन बाजूचे झाकण काढले. समोरच्या जाळीवर राखाडी लोकर साचली होती, पण आत प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये होती ती वेगळीच वस्तू: काळी, जड, बोट फिरवले की शिसपेन्सिलीसारखी चकाकणारी. हीटसिंकच्या पात्यांमधल्या फटी तिने बुजल्या होत्या. पंखा फिरत होता, हवा मात्र आरपार जात नव्हती. स्क्रू-ड्रायव्हर, जुना रंगाचा ब्रश, ब्लोअर आणि थर्मल पेस्टची छोटी नळी एवढ्यावर तासाभरात काम झाले, आणि घरातल्या मुलीने शेवटचे स्क्रू स्वतः बसवले. त्यानंतर तो पीसी कधी बंद पडला नाही.

कन्सोलला हे सुख अर्धेच मिळते. प्लेस्टेशन ५ ची बाहेरची पांढरी पाने स्क्रू न काढता सरकून निघतात. आत धूळ गोळा व्हायला दोन भोके मुद्दाम ठेवली आहेत, त्यांना व्हॅक्यूम लावायचा. ही सोनीने विचारपूर्वक केलेली सोय आहे आणि इथल्या किती तरी लोकांना ती माहीतच नाही. पण खोल हीटसिंकपर्यंत जायचे तर यंत्र पूर्ण उघडावे लागते. तिथे चिपवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू लावलेला असतो. तो सांडला तर आजूबाजूचे भाग जळतात. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना हे काम जमत नाही, आणि जमत नाही हे सगळेच कबूल करत नाहीत.

विजेचे दोन प्रश्न आहेत, खर्चाचा आणि जाण्या-येण्याचा. रोज तीन तास खेळले तर टीव्हीसकट कन्सोल महिन्याला सुमारे २७ युनिट घेते आणि चारशे वॅटचा पीसी ३६. छत्तीसगडमध्ये २०१९ पासून घरगुती बिल चारशे युनिटपर्यंत अर्धे होत असे, तोवर एवढ्या युनिटांकडे कुणी पाहत नव्हते. २०२५ मध्ये ती मर्यादा बरीच खाली आली, तेव्हापासून पालक मीटरकडे पाहू लागले आहेत. तरी दोघांतला फरक नऊ युनिटांचा, त्यावर निर्णय ठरू नये. लाइट जाण्याचा त्रास मोठा. कन्सोल आणि टीव्ही मिळून घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतात, फक्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा आणि त्याचे बटण यूपीएस मोडवर ठेवलेले असावे, नाहीतर बदलाच्या क्षणी यंत्र बंद होऊन परत सुरू होते. बंद होताना काही लिहिले जात असेल तर डेटा बिघडण्याची भीती असते. पीसीसाठी दुकानदार सोबत देतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साडेतीनशे वॅटच्या आसपासच पेलतो. ग्राफिक कार्ड जोरात असताना लाइट गेली की तो ओरडून मान टाकतो. आणि अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये ते नावालाच असते. दोन्ही यंत्रांचे सगळ्यात महागडे बिघाड तिथूनच येतात.

दुरुस्तीत माझे मत ठाम आहे: रायपूरसारख्या शहरात पीसी निर्विवाद पुढे आहे. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेला तर एसएमपीएस बदलतो, रॅम गेली तर रॅम. ग्राफिक कार्डावर बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते. इथे नाही मिळाले तर नागपुरात सीताबर्डीला मिळते, आणि नागपूरला आमच्या घरांतले कुणी ना कुणी दर महिन्याला जातच असते. पाच वर्षांनी नुसते कार्ड बदलून तोच पीसी पुन्हा उभा राहतो, जुने कार्ड विकले जाते. कन्सोलची वॉरंटी एक वर्षाची. नंतर एचडीएमआयचा सॉकेट गेला किंवा वीजपुरवठ्याचा भाग जळला, तर चांगला कारागीर मिळणे नशिबावर. कंट्रोलरचा जुना रोग वेगळाच. स्टिकच्या काठीखालची रोध देणारी पट्टी झिजते आणि पडद्यावरचा खेळाडू हात न लावता आपोआप चालू लागतो. नवा कंट्रोलर पाच-सहा हजारांचा. त्याऐवजी चुंबकीय संवेदकाची काठी बसवून देणारे कारागीर आता मिळू लागले आहेत, ते शोधावेत.

मात्र जुना पीसी घेणाऱ्याने सावध असावे. मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली कार्डे नंतर जुन्या बाजारात आली, आणि काळ्या धुळीत राबलेली इथेच असतात. चालवून, तासभर ताण देऊन, तापमान बघूनच पैसे द्यावेत. जुने कन्सोल घेताना एवढी परीक्षा लागत नाही, डिस्क आणि दोन्ही काठ्या तपासल्या की झाले.

खेळांच्या बाबतीत कन्सोलचा हक्क अजून संपलेला नाही. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ला वर्षाहून थोडे जास्त लागले. जीटीए ६ जाहीर झाला तोही फक्त कन्सोलसाठी. सोनीने आपले खेळ पीसीवर आणायला सुरुवात केली आहे, पण उशिराने: २०१८ चा गॉड ऑफ वॉर जानेवारी २०२२ मध्ये, २०२० चा घोस्ट ऑफ त्सुशिमा मे २०२४ मध्ये. २०१५ चा ब्लडबोर्न अजून आलेलाच नाही. आपल्याशी जवळचे उदाहरण अनचार्टेड: द लॉस्ट लेगसीचे. २०१७ चा हा खेळ पश्चिम घाटात घडतो, होयसळांच्या शिल्पांवर बेतलेल्या देवळांतून आणि गणपतीच्या प्रचंड मूर्तींमधून जातो. पाच वर्षे तो प्लेस्टेशन नसलेल्याला यूट्यूबवर पाहावा लागला. उशीर चालत असेल त्याला पीसी पुरतो. ज्याला मित्रांबरोबर पहिल्या आठवड्यात खेळायचे आहे, त्याला नाही पुरत, आणि हे वयच पहिल्या आठवड्याचे असते.

स्पर्धा खेळायच्या असतील तर प्रश्न वेगळा होतो. नेम धरायच्या आणि डावपेचाच्या खेळांत माउस आणि कीबोर्ड यांना तोड नाही, आणि तिथली मोठी नावे पीसीवरच मोठी झाली. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या संघाने डोटा २ मध्ये कांस्यपदक मिळवले. फुटबॉल आणि मारामारीचे खेळ मात्र कंट्रोलरचे, तिथे कन्सोलवर तयार झालेला हात चालतो. रायपूरच्या पोरांची सर्व्हरच्या अंतराची जुनी तक्रार आता बरीच मिटली आहे. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे इथून मुंबईला जाऊन परत यायला नुसत्या अंतराचे दहा-बारा मिलिसेकंद. वळसे धरून ते दुपटी-तिपटीने वाढतात, तरी खेळता येते. ज्या खेळांचे सर्व्हर सिंगापूरला आहेत तिथे त्रास उरतो, आणि कन्सोलवर सर्व्हर निवडायची मुभा बहुधा कमी असते. उलट फसवणूक पीसीवर जास्त. भिंतीपलीकडचे दाखवणारे, नेम आपोआप धरणारे प्रोग्रॅम तिथे चालतात. कन्सोल बंदिस्त असल्यामुळे ते फार अवघड जाते. नकली खेळ उतरवण्याची सवय तर आता सोडलीच पाहिजे. क्रॅकसोबत येणारे व्हायरस वडिलांच्या बँकेचे पासवर्ड जिथे टाइप होतात त्याच पीसीत शिरतात.

कन्सोलच्या बंदिस्तपणाची दुसरी बाजू २०२४ मध्ये दिसली. प्लेस्टेशन ५ प्रो नोव्हेंबरात जगभर आला, भारतात नाही. कारण सोनीनेच सांगितले: त्याचा वायफाय ज्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतो, तो इथे तेव्हा खुला झालेला नव्हता. निन्टेन्डोने तर स्विच इथे कधी अधिकृतपणे विकलाच नाही. कन्सोल घेणारा माणूस एका कंपनीच्या आणि एका सरकारी परवानगीच्या मर्जीवर राहतो. पीसीचा एक भाग अडला तर दुसऱ्या कंपनीचा तसाच भाग मिळतो.

इतके सगळे पीसीच्या बाजूने सांगूनही एक गोष्ट मला कन्सोलचीच मोठी वाटते. ते बैठकीच्या खोलीत असते. पीसी टेबलावर, बहुधा आतल्या खोलीत, एका खुर्चीसमोर. कन्सोल सोफ्यासमोर, दोन कंट्रोलर, आणि खोलीत येणारा-जाणारा थबकून बघतो. गणपतीच्या दिवसांत नागपूर-अमरावतीची भावंडे जमतात तेव्हा फुटबॉलच्या सामन्याला किंवा टेकनला अख्खी पलटण बसते, आणि इट टेक्स टू सारखा २०२१ चा खेळ तर दोघांशिवाय खेळताच येत नाही. पीसीला कंट्रोलर आणि टीव्ही जोडून हे करता येते, पण कुणी करत नाही. पालकांना मुलाचे तास ठरवायचे असतील तर कन्सोलवरची कुटुंबाची व्यवस्था सोपी आणि पक्की आहे. विंडोजवरची तशीच सोय पंधरा वर्षांचा मुलगा आठवड्यात मोडून काढतो. खेळाची लत ही खरी गोष्ट आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगयादीत तिची नोंद आहे. ती आतल्या खोलीत जास्त लवकर वाढते, असे मी पाहिले आहे. पैशांच्या जुगारी खेळांचा प्रश्न निराळा, तो मोबाइलचा आहे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने त्यांच्यावर बंदी घालून ई-स्पोर्ट्स वेगळे मानले, हे बरे झाले. आता तरी आमच्या घरांतून "गेम म्हणजे पैसे उडवणे" हे वाक्य जावे.

पीसीचा शेवटचा गुण म्हणजे त्यावर खेळ बनवता येतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा खेळ केला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मागितलेले पैसे जमले नाहीत, तरी छोट्या चमूने तो पुरा केला. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरात पीसीसह इतर कन्सोलवर. राजस्थानी बालेकिल्ले, देवी दुर्गा आणि भाऊ हरवलेली एक डोंबारी मुलगी. हा खेळ कन्सोलवर पोहोचला, पण बनला पीसीवर. अनरिअल इंजिन शिकायला पैसे पडत नाहीत, ब्लेंडर आणि गोडो तर पूर्ण मोफत आहेत. रायपुरात एनआयटी आहे, नव्या रायपुरात २०१५ पासून ट्रिपल आयटी आहे, मुले आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याला सिरपूरची विटांची देवळे किंवा बस्तरची घडवा मूर्ती खेळात आणावीशी वाटली, तर सुरुवात घरच्या पीसीवरच होईल.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी असे सांगतो. घरात चौदा ते वीस वर्षांचे मूल असेल आणि एकच यंत्र घेता येत असेल, तर पीसी घ्या, असेंबल्ड घ्या, मुलाला सोबत नेऊन त्याच्या हाताने स्क्रू लावू द्या. मधल्या दर्जाचे कार्ड पुरे, उरलेला पैसा चांगल्या एसएमपीएसवर, पंख्यांवर आणि यूपीएसवर घाला. घरात पीसी आधीच असेल, किंवा खेळणारी माणसे चाळिशीची असून रात्री तासभरच मिळत असेल, तर कन्सोल घ्या, डिस्कचे घ्या. दमलेल्या माणसाला ड्रायव्हर अपडेट करायला लावू नये. मूल दोन वर्षांत पुण्या-बंगळुरूला शिकायला जाणार असेल, तर प्रवासाचाही विचार करा. कॅबिनेट आझाद हिंद एक्स्प्रेसच्या बर्थखाली कोंबण्याचा प्रकार मी पाहिला आहे, पुण्याला उतरेपर्यंत ग्राफिक कार्ड खोबणीतून निखळले होते. कार्ड काढून, फोमात गुंडाळून वेगळे न्यावे लागते. प्लेस्टेशन ५ स्लिम साधारण ३.२ किलोचे, पाठीवरच्या पिशवीत मावते, पण होस्टेलच्या खोलीत टीव्ही कुठून आणणार? तिथे गेमिंग लॅपटॉप हाच मार्ग उरतो. तो गरम होतो, त्याचे कार्ड बदलता येत नाही आणि त्याच पैशांत डेस्कटॉपपेक्षा कमी ताकद मिळते, तरी तिथे तोच घ्यावा.